बारा फूट सरकवलेली गाडी: जळगावातल्या रोजच्या वापराच्या रोटरी इंजिनाचं प्रकरण

मे 2019. आत्याकडे लग्नघाई, दारात मांडव पडायचा होता. मांडववाला म्हणाला, गाडी जरा पुढे घ्या, इथे खांब रोवायचाय. आतेभावानं गाडी सुरू केली, बारा फूट पुढे सरकवली आणि बंद केली. संध्याकाळी पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जायचं म्हणून सेल्फ मारला, तर इंजिन नुसतं फिरतंय, पेट घेत नाही. बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारून झाल्यावर त्यानं मला फोन केला, "नाना, गाडी मेली."

मी जळगावात वीस वर्षं गॅरेज चालवतो. सगळी पिस्टनची कामं. ही गाडी मात्र माझदा आरएक्स-8, रोटरी इंजिनाची. मी गेलो तेव्हा हळदीची भांडी बाजूला सरकवून आतेभाऊ बोनेट उघडून उभा होता. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, प्लग काढले. चारही प्लग पेट्रोलनं चिंब, एकाच्या टोकाला तर थेंब लोंबत होता. प्लगच्या भोकाशी नाक नेलं तर डोळ्यांत पाणी यावं इतका पेट्रोलचा वास. प्लग काढलेल्या अवस्थेत दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून इंजिन फिरवलं, आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं बाहेर आलं. मग दोन्ही रोटरांत चहाच्या चमच्यानं थोडं ऑइल सोडलं, प्लग गॅसवर कोरडे करून बसवले, फ्यूज लावला. तिसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली आणि मांडवभर पांढरा धूर झाला. आत्या घाबरली. पाच मिनिटांत धूर निवळला.

त्या बारा फुटांत नेमकं काय घडलं, ते सांगतो. गाडी जुनी असो की कमी जुनी, रोटरी घेणाऱ्यानं आधी एवढं समजून घ्यावं.

आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि त्याच्या रिंगा कंप्रेशन, म्हणजे आत दाबलेल्या हवेचा दाब, धरतात. रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर लंबगोल घरात फिरतो. त्याच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात, त्यांना एपेक्स सील म्हणतात. त्या भिंतीला घासत फिरतात आणि तीन वेगळे कप्पे तयार करतात. रोटरचा एक फेरा पुरा होतो तेवढ्यात मधला शाफ्ट तीन फेरे घेतो. आरएक्स-8 मध्ये असे दोन रोटर, प्रत्येकी 654 सीसी, मिळून 1308 सीसी. जास्त ताकदीच्या मॉडेलची ताकद 231 पीएस, तीही आठ हजार आरपीएमच्या पुढे. पट्टीला आणि भिंतीला ऑइलची पातळ फिल्म लागते. ती फिल्म घर्षण कमी करते आणि कंप्रेशनही धरते. म्हणून या इंजिनात एक छोटा पंप मुद्दाम इंजिन ऑइल आत सोडतो आणि ते जळतं. ऑइल जळणं हा इथे बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे.

थंड इंजिन सुरू होताना कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडतो. लगेच बंद केलं की ते न जळता आतच राहतं, भिंतीवरची ऑइलची फिल्म धुऊन टाकतं आणि प्लग ओले करतं. फिल्म गेली की कंप्रेशन गेलं, कंप्रेशन गेलं की पेट नाही. म्हणून चमचाभर ऑइलनं ती परत सुरू झाली. एरवी कुठल्याही गाडीला ज्याचं काही वाटणार नाही, ते दारातून अंगणात सरकवणं हिला सगळ्यात जड गेलं होतं.

आता गाडी आली कुठून ते. आपल्याकडे माझदा म्हटलं की लोकांना स्वराज माझदाचा मिनीट्रक आठवतो. माझदाच्या कार भारतात कंपनीनं कधी विकल्या नाहीत. ज्या थोड्या आहेत त्या परदेशातून घरी परतणाऱ्या लोकांनी सोबत आणलेल्या. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि उजव्या हाताला स्टिअरिंग हवं, असा नियम. ही 2004 ची, 2006 मध्ये मुंबईत उतरलेली आणि पुढच्या वर्षी तिथेच नोंदवलेली. आतेभाऊ इंजिनिअरिंगला होता तेव्हापासून त्याला रोटरीचं वेड. 1991 मध्ये माझदाची चार रोटरांची 787बी ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, त्या गाडीचा आवाज तो मोबाईलवर सगळ्यांना ऐकवायचा. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याला ही गाडी सापडली. 68,000 किलोमीटर, किंमत 6 लाख 40 हजार. मी सोबत गेलो होतो, म्हणून पुढे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे.

आम्ही काय तपासलं? चेसिस नंबर आणि इम्पोर्टचे कागद, खालून गंज, मागच्या उलट्या बाजूनं उघडणाऱ्या दारांची कुलपं, क्लच, गिअर. आणि कंप्रेशन. विकणाऱ्याच्या मेकॅनिकनं साधा गेज लावला, सेल्फ मारला, पुढच्या रोटरला चौरस इंचाला 108 पौंड, मागच्याला 104. कारखान्याच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे 250 आरपीएमला नव्याचं प्रमाण चौरस सेंटिमीटरला 8.5 किलो, म्हणजे चौरस इंचाला 121 पौंड, आणि किमान 6.9 किलो, म्हणजे 98 पौंड. पंधरा वर्षांच्या गाडीला 104 चांगलंच, असा हिशोब करून आम्ही व्यवहार केला.

चूक इथेच झाली. साध्या गेजच्या नळीत सायकलच्या ट्यूबमध्ये असते तशी वॉल्व्ह-पिन असते, ती हवा आत घेते पण परत सोडत नाही. पिस्टनला ते योग्य, कारण तिथे एका भोकाखाली एकच सिलिंडर. रोटरीत एका भोकासमोरून तीन बाजू जातात. साधा गेज त्यातल्या सगळ्यात चांगल्या बाजूचा आकडा पकडून ठेवतो आणि कमजोर बाजू लपते. आम्ही पाहिलेले 104 हे तिघांतल्या निरोगी बाजूचे होते. त्या मेकॅनिकनं फसवलं असं मी म्हणत नाही, त्यालाही ठाऊक नसावं. मला ठाऊक असायला हवं होतं.

मांडवाच्या प्रकारानंतर मी वॉल्व्ह-पिन काढून पुन्हा तपासलं. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, पेट्रोल बंद, पाय एक्सलरेटरवर पूर्ण दाबलेला, आणि गेजच्या काट्यावर मोबाईलचा स्लो मोशन कॅमेरा. पुढच्या रोटरला काटा सारखा उडाला, कानालाही ते ऐकू येतं, फुस-फुस-फुस, एका लयीत. मागच्या रोटरला दोनदा उंच आणि एकदा बुटका. फुस-फुस-फु. व्हिडिओ दहा वेळा पाहिला, दर तिसरा ठोका बुटका. पुढे पुण्यात रोटरीच्या खास टेस्टरवर मोजून घेतलं: पुढचा 7.6, 7.5, 7.4 किलो. मागचा 7.3, 7.1 आणि 6.6. एक बाजू किमान मर्यादेच्या खाली. हे आधी कळलं असतं तर गाडी घेतली नसती असं नाही, पण दीड-दोन लाख खाली मागितली असती आणि ते पैसे पुढच्या इंजिनकामासाठी बाजूला ठेवले असते. आता कुणी मला विचारलं तर एवढंच सांगतो: तीन आकडे प्रत्येक रोटरचे, मिळून सहा, आणि सेल्फ किती आरपीएमनं फिरत होता तो सातवा. जोरदार बॅटरीनं सेल्फ पळवला की आकडे फुगतात. सात आकडे मिळत नसतील तर किंमत इंजिन बांधायला काढलं आहे असं धरून ठरवावी.

इंजिन लगेच उघडायचं का? जळगावात काय, नाशिकपर्यंत हे काम केलेलं कुणी मला सापडलं नाही. एक शक्यता अशी होती की सील झिजलेलं नसून कार्बननं खोबणीत चिकटलेलं आहे. गाडीचा आधीचा इतिहास मुंबईतल्या छोट्या फेऱ्यांचा होता, त्यामुळे मला ही शक्यता जास्त वाटली. म्हणून आधी सवयी बदलल्या.

एक, थंड गाडी सुरू केली की पूर्ण गरम झाल्याशिवाय बंद करायची नाही. दारातून सरकवायची असेल तर न्यूट्रलमध्ये ढकलायची. दोन, गरम झाल्यावर रोज एकदा तरी काटा सात-आठ हजारांवर न्यायचा. आपल्याकडे गाडी दामटली की खराब होते असं मानतात, पण ही हळू चालवली की कार्बन धरते. तीन, दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक. हिला साधारण दोन हजार किलोमीटरला एक लिटर ऑइल लागतं. ऑइल आणि फिल्टर दर पाच हजारांना. चार, पेट्रोलमध्ये लिटरमागे पाच मिलि टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक गाड्यांचं ऑइल. लुना, येझदी, राजदूत चालवलेल्या आमच्या पिढीला हे नवीन नाही, पंपावरचा मुलगा मात्र दर वेळी चमकतो.

पहिल्या ऑक्टोबरात गाडी झटके द्यायला लागली आणि रात्री खालून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा डबा, निखाऱ्यासारखा लाल दिसला. या गाडीच्या प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या चार इग्निशन कॉइल पन्नास हजार किलोमीटरच्या आसपास दमतात. ठिणगी कमजोर झाली की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो आतून वितळून चोंदतो, मागचा दाब आणि उष्णता परत इंजिनावर येते आणि सील जातं. म्हणजे काही हजारांची कॉइल वेळेवर बदलली नाही तर इंजिन जातं. बिचारा आतेभाऊ पंधरा दिवस झटके सहन करत होता, पेट्रोल खराब असेल म्हणून. चारही कॉइल, प्लग, वायरी एकदम बदलल्या. कन्व्हर्टर वाचला होता, तो स्वच्छ करून परत लावला. तेव्हापासून कॉइल बिघडण्याची वाट पाहत नाही, किलोमीटर बघून बदलतो.

2020 च्या जानेवारीत आतेभावाची बदली भुसावळला झाली. त्याआधी घर ते ऑफिस साडेतीन किलोमीटर होतं. इंजिन गरम होता होता गाडी बंद. आता एका बाजूनं सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर, बहुतेक सगळा महामार्ग. घरच्यांना वाटलं, आता ही गाडी काही टिकत नाही. मला उलट वाटलं. मधे मार्चमध्ये टाळेबंदी लागली. तेव्हा तो आठवड्याला एकदा पाच मिनिटं गाडी सुरू करून बंद करत होता. कळल्यावर ते थांबवलं, बॅटरीची तार काढून ठेवली. जुलैपासून रोजचं अपडाऊन सुरू झालं. रोज पंचावन्न किलोमीटर, नशिराबाद सोडलं की गाडी पाच मिनिटं सहा हजारांच्या वर.

दिवाळीत पुन्हा पुण्याला नेऊन मोजलं. मागचा रोटर: 7.2, 7.2 आणि 6.9. बुटकी बाजू मर्यादेवर आली होती. सील खोबणीत मोकळं झालं, याखेरीज मला दुसरं कारण दिसत नाही. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. रोजच्या वापराला ही गाडी चालेल का, असं लोक विचारतात. मी उलट विचारतो, तुमचा रोजचा रस्ता किती लांब? गावातल्या गावात दूध-भाजी असेल तर ही गाडी दोन वर्षांत बसेल. वीसेक किलोमीटर मोकळा रस्ता असेल तर तीच गाडी सुधारते.

उरला आपल्याकडचा उन्हाळा. रोटरीत पेट नेहमी घराच्या एकाच बाजूला घेतो, त्यामुळे ती बाजू तापते आणि दुसरी तुलनेनं गार. एकदा जरी इंजिन उकळलं तरी प्लेटांमधली कूलंटची सील जाऊ शकतात, मग इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. आणि गाडीतला तापमानाचा काटा फसवा आहे. तो मधोमध स्थिर बसतो आणि फार उशिरा हलतो. म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारा छोटा ओबीडी स्कॅनर लावला. नेहमीचं तापमान 86 ते 92 अंश.

2021 च्या जानेवारीत, ऐन थंडीत, स्कॅनरवर 98 दिसायला लागले. कूलंट पूर्ण, थर्मोस्टॅट ठीक, पंखे चालू. मे महिन्यात 98 आले असते तर मी उन्हाला दोष देऊन मोकळा झालो असतो. थंडीत आले म्हणून बंपर आणि रेडिएटर उतरवला. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत नमद्यासारखा थर बसला होता. हातानं ओढला तर चादरीसारखा अखंड निघाला. कापूस! सप्टेंबर-ऑक्टोबरपासून कापसानं भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जातात, रस्त्याच्या कडेची बाभळीची झुडपं तंतूंनी पांढरी होतात. तोच कापूस, त्यात काळी माती आणि निंबाची पानं. हिचं नाक जमिनीला लागून, पुढचं तोंड मोठं, त्यामुळे रस्त्यावरचं सगळं ती ओढून घेते. बंपरच्या कोपऱ्यातल्या ऑइल कूलरचीही तीच दशा होती. धुऊन परत लावलं, तापमान 88. तेव्हापासून कापसाच्या हंगामात महिन्यातून एकदा आणि होळीच्या आधी एकदा मधली फट साफ करायची, असं ठरलं आहे. कुठल्याच मॅन्युअलमध्ये हे मिळणार नाही.

एवढं करूनही मे महिना जमला नाही. 2022 च्या मे मध्ये भुसावळहून दुपारी दोनला निघालेला असताना टोलनाक्याच्या रांगेत 106 झाले. त्यानं एसी बंद केला, हीटर पूर्ण सोडला, काचा उघडल्या आणि इंजिन बंद न करता रांग पार केली. बंद केलं असतं तर पाण्याचा पंप थांबून आतली उष्णता आतच राहिली असती. गाडी वाचली. त्या रात्री आम्ही ठरवलं: एप्रिलच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत गाडी घरी, आतेभाऊ रेल्वेच्या पासवर. सव्वीस मिनिटांत भुसावळ. दहा महिने रोज वापरणं आणि दोन महिने ठेवणं याला मी रोजचा वापरच म्हणतो. आपल्या उन्हात बैलालाही दुपारी सोडतात.

पैशाचा हिशोब लपवण्यात अर्थ नाही. गावात लिटरला साडेसहा, हायवेला नऊ-सव्वानऊ. वर्षाला अकरा हजार किलोमीटर, म्हणजे दहा महिने दरमहा बारा-तेरा हजारांचं पेट्रोल. चाळीसगावकडचे मामा प्रत्येक भेटीत विचारतात, "कितलं एवरेज देस भो?" आणि आकडा ऐकून कपाळाला हात लावतात. पहिल्या वर्षी दुरुस्तीला 1 लाख 10 हजार गेले, पुढे वर्षाला चाळीस-पन्नास हजार. सुटे भाग जपान आणि इंग्लंडहून येतात, कस्टमसकट. म्हणून प्लग, एक कॉइल, कूलंटचे होज आणि बेल्ट नेहमी घरात ठेवलेले असतात.

आणि कागद. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. 1 एप्रिल 2022 पासून साध्या कारला त्याची फी 5,000 रुपये झाली, आयात केलेल्या कारला मात्र 40,000. आमची पंधरा वर्षं नेमकी त्याच वर्षी भरली. वर पर्यावरण कर वेगळा. ही रक्कम घेताना आमच्या हिशोबातच नव्हती. 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या आयात कारला ती 80,000 झाली आहे. जुनी इम्पोर्टेड गाडी घेणाऱ्यानं तिच्या भारतातल्या नोंदणीची तारीख आधी बघावी, मग रंग.

आज गाडी सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे आहे. 2024 च्या दिवाळीतले आकडे: पुढचा 7.2, 7.1, 7.1. मागचा 6.9, 6.8, 6.5. हे आता चिकटलेलं सील नाही, झीज आहे. यंदाच्या पावसाळ्यापासून गरम इंजिनाला सेल्फ पाच-सहा सेकंद मारावा लागतो. कंप्रेशन उतरल्याची ती पहिली खूण. इंजिन थंड असताना ठणठणीत सुरू होते, गरम असताना, म्हणजे पेट्रोल भरून निघताना, त्रास देते. आतेभाऊ म्हणाला, विकू का? मी म्हटलं, विकायची तर हे सहाही आकडे लिहून देऊन वीक. दोन दिवसांनी त्यानं सील आणि गॅस्केटची किट मागवल्याचं सांगितलं. रोटर हाऊसिंग, म्हणजे रोटरचं घर, कसं निघतं ते उघडल्यावरच कळेल, ओरखडे असतील तर तेही बदलावं लागेल आणि खर्च दुप्पट होईल.

इंजिन माझ्याच गॅरेजमध्ये उतरवणार आहोत. पुण्याचे एक अनुभवी मेकॅनिक दोन दिवस येऊन बसायला तयार झाले आहेत. मागच्या भिंतीशी डिझेल पंपांचं टेबल होतं ते हलवून जागा केली आहे. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आहेत, म्हणून दाराला जाळीचा पडदा लावून घेतला. उघडं इंजिन आणि हवेतला तंतू एकत्र नकोत.